वीस वर्षं रखडलेला सीक्वेल कसा तपासावा: दोन रात्री, एक वही आणि दिग्दर्शकाची पत

गाजलेल्या विज्ञानपटाचा दुसरा भाग पंधरा-वीस वर्षांनी येतो, आपटतो, आणि लोक एका वाक्यात निकाल लावून मोकळे होतात: ‘दिग्दर्शक संपला.’ निकाल कधी बरोबर निघतो, कधी चूक, पण सहसा तो तपासलेला नसतो. तपासायला फार काही लागत नाही. दोन रात्री, एक वही, हातात घड्याळ आणि थोडी बेरीज-वजाबाकी पुरते.

नमुना म्हणून रोलँड एमरिखचा ‘इंडिपेन्डन्स डे’ (१९९६) आणि त्याचा दुसरा भाग ‘इंडिपेन्डन्स डे: रिसर्जन्स’ (२०१६) घ्यावा. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, मधलं अंतर बरोबर वीस वर्षांचं, आणि खर्च-गल्ल्याचे आकडे सर्वांना ठाऊक. शिवाय या वीस वर्षांत विनाशाची दृश्यं बनवायचं तंत्रच पालटलं. त्यामुळे माणूस बदलला की साधन, हे वेगवेगळं करून पाहता येतं. दिग्दर्शक बदललेला असेल तर हा ताळा जमत नाही. ‘ब्लेड रनर’चा दुसरा भाग ३५ वर्षांनी आला, पण दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या हातून. म्हणून तो नमुना इथे चालणार नाही.

आधीची तयारी

पहिल्या भागाच्या दोन आवृत्त्या मिळतात. चित्रपटगृहात लागलेली १४५ मिनिटांची, आणि नंतरची सुमारे १५३ मिनिटांची वाढीव. पहिल्यांदा पाहताना १४५ मिनिटांचीच घ्या. वाढीव आठ मिनिटांत काही तांत्रिक दुवे जास्त सापडतात, पण सुरुवातीची ताणलेली दोरी ढिली पडते, आणि तीच दोरी आपल्याला मोजायची आहे. २०१६ साली निघालेल्या विसाव्या वर्षाच्या डिस्कवर दोन्ही आवृत्त्या आहेत. ओटीटीवर पाहणार असाल तर सुरू करण्याआधी एकूण लांबी बघून घ्या, नावावर विसंबू नका. दुसरा भाग १२० मिनिटांचा आहे.

दोन्ही मिळून ४ तास २५ मिनिटं होतात. एका बैठकीत उरकायचा मोह होईल, तो आवरा. चौथ्या तासाला डोळे जड झालेले असतात आणि त्या थकव्याचा राग दुसऱ्या भागावर निघतो. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशीही थोडं काम आहे.

टीव्हीवर पाहणार असाल तर दोन गोष्टी आधीच करून ठेवा. पहिली, मोशन स्मूदिंग बंद करा. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं असतं: कुठे ट्रूमोशन, कुठे मोशनफ्लो. नाव सापडलं नाही तर ‘फिल्ममेकर मोड’ लावला की बहुतेक टीव्हीवर ते आपोआप बंद होतं. हे चालू राहिलं तर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो आणि चित्र दैनंदिन मालिकेसारखं गुळगुळीत दिसू लागतं. पहिल्या भागातली लहान मॉडेलं तर लगेच खेळणी वाटतात, आणि तुम्ही दोष देता १९९६ च्या कारागिरांना. दुसरी, चित्र ताणून पडदा भरू नका. दोन्ही चित्रपट २.३९:१ या रुंद चौकटीत आहेत. ५५ इंची टीव्हीच्या सुमारे ६८ सेंटिमीटर उंचीपैकी चित्र जेमतेम ५१ सेंटिमीटर व्यापतं, बाकी काळे पट्टे. ‘झूम’ केलं की कडेची इमारत आणि कडेचा माणूस दोघंही कापले जातात. आकाराची भीती त्या दोघांच्या प्रमाणावरच उभी असते.

वहीत चार रकाने आखा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय मोडलं, तिसऱ्यात मोडण्याआधी ती जागा किती वेळा दिसली होती, चौथ्यात त्या क्षणी तिथे आपल्या ओळखीचं कोण होतं. तिसरा आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचे. हे दोन रिकामे ठेवून नुसते स्फोट मोजणाऱ्याला दोन्ही चित्रपट सारखेच वाटतील.

पहिली रात्र

चित्रपट २, ३ आणि ४ जुलै अशा तीन दिवसांत विभागलेला आहे आणि तारखा पडद्यावर येतात. प्रत्येक तारखेला घड्याळातली वेळ टिपा. पहिला मोठा हल्ला २ जुलैच्या अखेरीस होतो, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास, चित्रपटाचा तिसरा हिस्सा संपत आल्यावर. तोवर एकही इमारत फुटत नाही. यानांच्या नुसत्या सावल्या पडतात, लोक मान वर करून बघतात, बायकोपासून वेगळा झालेला एक उपग्रह-तंत्रज्ञ लॅपटॉपवर उलटी मोजणी पकडतो. संकट कधी येणार हे प्रेक्षकाला ठाऊक, पात्रांना नाही. एमरिखची खरी करामत या पाऊण तासात आहे, पुढच्या आगीत नाही.

आता चौथा रकाना. लॉस एंजेलिसच्या उंच इमारतीच्या गच्चीवर परग्रहवासीयांचं स्वागत करायला फलक घेऊन गर्दी जमते. त्या गर्दीतल्या एका मुलीला आपण आधी भेटलेलो असतो. तिची मैत्रीण जॅस्मिन तिला जाऊ नकोस म्हणून विनवते, तरी ती जाते. यानाचं पोट उघडतं तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो. इमारत ७३ मजली, पण आपण घाबरतो एका मुलीसाठी. वहीत लिहा: जागा आधी दिसली, माणूस ओळखीचं. व्हाइट हाउसचंही तसंच. ते आपल्याला आधी कचेरी म्हणून, घर म्हणून दिसतं, राष्ट्राध्यक्षांची लहान मुलगी तिथे झोपलेली दिसते. मग ते उडतं.

व्हाइट हाउस उडतं तो शॉट थांबवून, मागे नेऊन पाहण्यासारखा आहे. ते प्लास्टरचं मॉडेल होतं, मूळ इमारतीच्या एक-बारांश, साधारण तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. ते खरोखर उडवलं आणि नऊ कॅमेऱ्यांनी टिपलं. अशा कामात गोची असते ती गुरुत्वाकर्षणाची. वीस मीटरवरून विटेला पडायला दोन सेकंद लागतात, पण बारापट लहान मॉडेलवर तीच वीट अर्ध्या सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात खाली येते. नेहमीच्या २४ फ्रेमच्या वेगाने टिपलं तर इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी भुरकन कोसळताना दिसेल. हिशोब असा, की प्रमाणाचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने फ्रेमचा वेग गुणायचा. बाराचं वर्गमूळ ३.४६, म्हणजे सेकंदाला किमान ८३ फ्रेम. आगीसाठी याहूनही जास्त वेग लागतो, कारण ज्वाळेची जीभ मॉडेलबरोबर लहान होत नाही. कुठल्याही जुन्या चित्रपटातलं मॉडेल ‘खेळणं’ का वाटतं याचं उत्तर बहुधा याच दोन ठिकाणी सापडतं: वेग कमी पडला, किंवा आगीचे आणि पाण्याचे थेंब-ठिपके प्रमाणाबाहेर मोठे राहिले.

रस्त्यांतून गाड्या उधळत येणारी आगीची भिंत पाहताना वर-खाली विसरा. आग स्वभावाने वर जाते, आडवी धावत नाही. म्हणून रस्त्याचं मॉडेलच उभं केलं, कॅमेरा वरच्या टोकाला ठेवला आणि खालून आग सोडली. ती इमारतींच्या मधून वर चढत आली आणि पडद्यावर रस्त्यावरून धावत आल्यासारखी दिसली. या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं ते अशा कामासाठी. यातली आग खरी असल्यामुळे तिच्यात अनपेक्षित वळणं आहेत. वहीच्या कडेला दोनच गोष्टी टिपा: ज्वाळा कुठे अडखळते आणि धूर कुठे उलटा फिरतो. परवा हीच नोंद लागेल.

पटकथेतली भोकं मोजत बसू नका, ती खंडीभर आहेत. मुख्य यानाचा व्यास ५५० किलोमीटरहून जास्त आणि वस्तुमान चंद्राच्या चौथा हिस्सा असं चित्रपटात सांगतात. गणित केलं तर त्या यानाची घनता सोन्याच्या दहापटीहून जास्त निघते. परग्रहावरचा संगणक पृथ्वीवरच्या लॅपटॉपमधल्या व्हायरसने बिघडतो. हे सगळं १९९६ च्या प्रेक्षकालाही कळत होतं. तरी तो हसत हसत बाहेर पडला. का, हे शोधायचं आहे.

आणखी एक नोंद आवर्जून करा, विल स्मिथ पडद्यावर नसताना चित्रपट कोण चालवतं याची. जेफ गोल्डब्लम आणि त्याचे वडील झालेले जड हर्श, राष्ट्राध्यक्ष बिल पुलमन, दारुड्या वैमानिक रँडी क्वेड. प्रत्येक माणूस एका वाक्यात सांगता येतो का ते बघा. येतोच.

मधला दिवस

दोन्ही भागांची श्रेयनामावली शेजारी शेजारी लिहा. पहिल्या भागाचे लेखक दोन, डीन डेव्हलिन आणि एमरिख. त्यांनी पटकथा सुमारे चार आठवड्यांत लिहिली. दुसऱ्या भागाचे लेखक पाच. रखडलेल्या सीक्वेलमध्ये लेखकांची संख्या हा तापमापक समजा. मधल्या वर्षांत कितीदा पाया खणला आणि किती मजुरांनी खणला ते त्यात दिसतं. नावं जास्त म्हणजे चित्रपट वाईट असं गणित नाही. मात्र एकाच चित्रपटात दोन-तीन वेगवेगळ्या पटकथांची हाडं पुरलेली असण्याची शक्यता वाढते, आणि पाहताना ती सापडतात.

मग गैरहजेरी मांडा. विल स्मिथ नाही. एमरिखने २०१३ मध्ये जाहीरपणे कारण सांगितलं ते मानधनाचं. नंतर २०१९ मध्ये त्यानेच कबूल केलं, की स्मिथ बाहेर पडला तेव्हाच हा चित्रपट थांबवायला हवा होता. ही कबुली महत्त्वाची, कारण दिग्दर्शकाला दुखणं माहीत होतं असं तिच्यातून दिसतं. राष्ट्राध्यक्षांची मुलगी झालेली मे व्हिटमन मोठी झाली होती, अभिनयही करत होती, पण तिच्या जागी माइका मन्रो घेतली. स्मिथच्या पात्राच्या सावत्र मुलाच्या भूमिकेतही नवा नट आला. म्हणजे वीस वर्षांचा काळ खरा वाटावा असे जे चेहरे हाताशी होते तेच बदलले. परतले ते गोल्डब्लम, पुलमन, हर्श, ब्रेंट स्पायनर आणि व्हिव्हिका फॉक्स. सेनाधिकारी झालेले रॉबर्ट लोजा छोट्या भूमिकेत आहेत. चित्रपट लागण्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये ते वारले.

या दिवशी एक गोष्ट टाळा. दुसऱ्या भागाच्या प्रसिद्धीसाठी १९९६ ते २०१६ मधल्या काल्पनिक घटनांची कालरेषा काढली होती. स्मिथचं पात्र एका चाचणी-उड्डाणात मेलं हे तिच्यात तपशिलात आहे. चित्रपटात मात्र भिंतीवरची तसबीर आणि दोन-चार उल्लेख एवढंच. कालरेषा आधी वाचली तर ही पोकळी तुम्ही स्वतःच भरून काढाल आणि चित्रपटाने ती भरली की नाही हे कळणार नाही. वाचायची तर नंतर वाचा.

दुसरी रात्र

पुन्हा तेच चार रकाने. आधी वीस मिनिटं लेखणी खाली ठेवून जग बघा. चंद्रावर तळ आहे, परग्रहवासीयांच्या तंत्रावर चालणारी पंख्यांविना हेलिकॉप्टरं आहेत, देशादेशांतली युद्धं थांबली आहेत, वॉशिंग्टन नव्याने बांधलेलं आहे. कल्पना वाईट नाही. हल्ल्यानंतर जग जसंच्या तसं राहिलं नसतं हा विचार उलट पहिल्या भागापेक्षा प्रौढ आहे. पण किंमत तिसऱ्या रकान्यात मोजावी लागते. पहिल्या भागात जे मोडलं ते प्रेक्षकाचं जग होतं, चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर तोच रस्ता, तीच गाडी. दुसऱ्या भागात जे मोडतं ते एक काल्पनिक जग, ज्याची ओळख होऊन अर्धा तासही झालेला नसतो. मोडकं खेळणं बघून कोण रडणार?

यान उतरतं तेव्हा आकडे लिहा. व्यास ३,००० मैल, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर. आपल्या चंद्राचा व्यास ३,४७४. म्हणजे चंद्राहून मोठी वस्तू अटलांटिकवर बसते. पहिल्या भागातली शहरावरची यानं सुमारे २४ किलोमीटरची होती. तीही प्रचंडच, पण एका चौकटीत यान, इमारत आणि माणूस तिन्ही मावत होती. ४,८०० किलोमीटर कुठल्याच चौकटीत मावत नाही. कडा दिसली तरी ती क्षितिजासारखी दिसते आणि क्षितिजाला कोणी भीत नाही. रखडलेल्या सीक्वेलचा हा नेहमीचा रोग आहे. ‘आधीपेक्षा मोठं’ करायच्या नादात मोजपट्टीच हातातून जाते. दुसरा कुठलाही उशिराचा सीक्वेल पाहाल तेव्हा आधी विचारा, मोठं झालेलं संकट आणि माणूस एका चौकटीत दिसतात का?

लंडनचा प्रसंग वहीत लिहायला सोपा. गुरुत्वाकर्षणाने उचललेल्या इमारती वरून लंडनवर कोसळतात, क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे आणि दुबईची बुर्ज खलिफा. तिसरा रकाना: आधी किती वेळा दिसलं? चौथा: खाली ओळखीचं कोण? तुम्हीच भरा, वेळ लागणार नाही. डेव्हिडच्या, म्हणजे गोल्डब्लमच्या, तोंडी तेव्हा एक शेराही आहे, की यांना प्रसिद्ध ठिकाणंच लागतात. व्हाइट हाउसपाशी तर यानाची तंगडी इमारतीला न चिरडता थांबते आणि नुसता झेंड्याचा खांब पडतो. हे विनोद दिग्दर्शकाने स्वतःवरच केलेले आहेत. आपला हातखंडा आता ओळखीचा झाला आहे हे त्याला पुरतं कळलेलं आहे. तरीही त्याच्या पोतडीत दुसरा निघत नाही.

जुन्या आगीची टिपणी आता काढा. दुसऱ्या भागातला धूर कुठेही अडखळत नाही. संगणकावर केलेली आग वाईट असते असं समजू नका. तीच मंडळी, तोच दिग्दर्शक, साधनं कितीतरी पुढची. पण मॉडेल एकदाच उडवता येतं, म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. संगणकात कॅमेरा कुठूनही कुठेही फिरवता येतो, तो फिरतो, आणि नजर कुठे ठरवायची हे प्रेक्षकावर पडतं. एखाद्या शॉटमध्ये तुमची नजर पहिल्या सेकंदाला कुठे गेली ते लिहा. तीनपैकी दोन शॉटमध्ये उत्तर देता आलं नाही तर दोष साधनात नाही, मांडणीत आहे.

तुलनेसाठी सगळ्यात सोयीची जोडी मात्र वेगळीच आहे, युटामधल्या बॉनव्हिल मिठागराची. दोन्ही भागांतले महत्त्वाचे प्रसंग तिथले. पहिल्यात विल स्मिथ पॅराशूटमध्ये गुंडाळलेला परग्रहवासी उन्हातून फरफटत नेतो, वैतागतो, त्याला लाथा घालतो आणि हा घाणेरडा वास कसला म्हणून ओरडतो. तो वास खरा होता. जवळच्या सरोवरातल्या मेलेल्या बारीक कोळंबीचा. नटाला सहन झाला नाही म्हणून ते वाक्य तिथल्या तिथे सुचलं. पांढरंशुभ्र मैदान, एक माणूस, एक गाठोडं. खर्च जवळपास शून्य, आणि चित्रपटातला सगळ्यात लक्षात राहणारा प्रसंग. दुसऱ्या भागात त्याच मैदानावर एक पिवळी शाळेची बस पळते, आत डेव्हिडचे म्हातारे वडील (जड हर्श) आणि मुलं, मागे इमारतीएवढी परग्रहवासी राणी. हा प्रसंग दुसऱ्या भागातला सर्वोत्तम आहे, आणि त्याचं कारणही वहीत सापडेल: सपाट जमीन, एक बस, एक राणी, तिन्ही एका चौकटीत. मोजपट्टी परत आली. दोन्ही प्रसंग ओळीने पुन्हा पाहा. दिग्दर्शक विसरलेला नाही हे इथे दिसतं. त्याला संधी शेवटच्या वीस मिनिटांत मिळाली एवढंच.

वाया गेलेल्या गोष्टींसाठी एक पान राखा. आफ्रिकेत एक यान उतरलं होतं आणि तिथे दहा वर्षं जमिनीवर युद्ध चाललं असं चित्रपट सांगतो, उम्बुटू नावाचा योद्धा दाखवतो आणि पुढे निघून जातो. त्या युद्धावर अख्खा चित्रपट निघाला असता. १२० मिनिटांत पहिल्या भागापेक्षा जास्त माणसं कोंबायची म्हटल्यावर हे होणारच. नवी पात्रं मोजा, १२० ला भागा आणि पहिल्याशी ताडून बघा.

दिग्दर्शकाची पत मोजताना

पत म्हणजे गल्ला नव्हे, आणि समीक्षकांचं मतही नव्हे. पत म्हणजे पुढच्या चित्रपटाला पैसे कोण देतं आणि कोणत्या अटींवर. तिन्ही वेगवेगळ्या वह्यांत मोजायच्या. एकात एक मिसळल्या की ‘संपला’ किंवा ‘गैरसमज झाला’ ही दोनच उत्तरं उरतात.

गल्ल्याचा ढोबळ नियम असा. तिकिटाच्या पैशांतले सुमारे निम्मे चित्रपटगृह ठेवतं, आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. म्हणून चित्रपटाने निर्मितीखर्चाच्या अडीचपट कमावलं तर तो पाण्याबाहेर आला असं समजतात. चीनमधल्या गल्ल्यातून परदेशी स्टुडिओला जेमतेम पाव हिस्सा मिळतो, म्हणून तिथले आकडे मोठे दिसले तरी हुरळून जायचं नाही. एमरिखचे काही चित्रपट या गाळणीतून काढले तर असं दिसतं (खर्च, मग जगभरचा गल्ला, कोटी डॉलरमध्ये, सगळे ढोबळ):

स्टारगेट, १९९४: ५.५ आणि १९.६
इंडिपेन्डन्स डे, १९९६: ७.५ आणि ८१.७
गॉडझिला, १९९८: १३ आणि ३७.९
द डे आफ्टर टुमॉरो, २००४: १२.५ आणि ५५.२
२०१२, २००९: २० आणि ७९.१
व्हाइट हाउस डाउन, २०१३: १५ आणि २०.५
रिसर्जन्स, २०१६: १६.५ आणि ३८.९
मूनफॉल, २०२२: १४ आणि ६.७

अडीचपटीने गुणून स्वतः ताडा. घसरण २०१६ मध्ये सुरू झाली नाही. ती २०१३ मध्ये दिसते, आणि ज्याच्यावर सगळे खापर फोडतात त्या सीक्वेलने उलट काठावरचा आकडा गाठला. अडीचपट म्हणजे ४१.२, आले ३८.९. मग हा चित्रपट ‘सपशेल पडला’ असं का वाटतं? कारण तुलना पहिल्या भागाशी होते. तीही नीट करायची तर डॉलर नव्हे, माणसं मोजा. अमेरिकेत पहिल्या भागाचा गल्ला ३०.६ कोटी, तेव्हाचं सरासरी तिकीट ४.४२ डॉलर, म्हणजे सुमारे ६.९ कोटी तिकिटं. दुसऱ्याचा १०.३ कोटी, सरासरी तिकीट ८.६५, म्हणजे १.२ कोटीही नाही. सहापैकी पाच माणसं आलीच नाहीत. डॉलरमध्ये हे अंतर तिपटीचंच दिसलं असतं.

समीक्षकांची वही वेगळी ठेवायचं कारण असं, की एमरिख त्यांचा लाडका कधीच नव्हता. जर्मनीत त्याला, तो वाढला त्या गावाच्या नावावरून, ‘झिंडेलफिंगेनचा छोटा स्पीलबर्ग’ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे बोलणाऱ्याच्या सुरावर. मुळात नव्हतं ते नाव खाली कसं येणार? शेक्सपिअरच्या नाटकांचा खरा कर्ता कोण या वादावरचा ‘अनॉनिमस’ (२०११) त्याने केला. तो चालला नाही, पण हा माणूस आगीशिवायही चित्रपट करू शकतो हे त्यातून दिसतं. २०१५ च्या ‘स्टोनवॉल’वर मात्र खरी नाराजी ओढवली. न्यूयॉर्कमधल्या समलिंगींच्या उठावाच्या मध्यभागी त्याने गावाकडचा एक काल्पनिक गोरा मुलगा उभा केला. ‘रिसर्जन्स’च्या वेळी अमेरिकेत समीक्षकांसाठी आगाऊ खेळ ठेवले नाहीत. हा स्टुडिओच्या भरवशाचा अंदाज घ्यायचा सोपा निकष आहे. ज्यावर विश्वास असतो तो माल दुकानदार उघडा मांडतो.

आणि पैशांची वही. ‘रिसर्जन्स’नंतरचे ‘मिडवे’ आणि ‘मूनफॉल’ मोठ्या स्टुडिओच्या थेट पैशावर उभे राहिले नाहीत. अनेक ठिकाणांहून, परदेशी वितरकांकडून, बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून रक्कम गोळा करावी लागली. पत उतरल्याची खरी खूण ही. सोनार दागिना तोच देतो, पण आता उधारीवर देत नाही.

उशीर हेच कारण आहे का, हे ठरवण्याआधी एक उलटा दाखला शेजारी ठेवा. जॉर्ज मिलरने ‘मॅड मॅक्स’चा चौथा भाग तिसऱ्यानंतर ३० वर्षांनी काढला, वयाच्या सत्तरीत, मुख्य नटही बदलला, आणि त्याला सहा ऑस्कर मिळाली. त्यातही मोजपट्टी तपासा: वाळवंट, गाडी, माणूस. सगळं एका चौकटीत. म्हणजे वीस वर्षं एवढंच कारण पुरत नाही. एमरिखच्या बाबतीत त्या वीस वर्षांत त्याचा हातखंडा खर्चून गेला होता. गॉडझिलाने न्यूयॉर्क, बर्फाने पुन्हा न्यूयॉर्क, भूकंपाने लॉस एंजेलिस, लाटेने व्हाइट हाउस, असं करत त्याने स्वतःच तो संपवला. मधल्या काळात २००१ चा सप्टेंबरही येऊन गेला. कोसळत्या मनोऱ्यासमोर टाळ्या वाजवणारा १९९६ चा प्रेक्षक त्यानंतर तसा राहिला नाही.

शेवटची नोंद दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पाच मिनिटांची. एक पांढरा गोल परग्रहवासीयांविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व माणसांना देऊ करतो आणि तिसऱ्या भागाची वर्दी देऊन चित्रपट संपतो. तो भाग निघाला नाही. वहीत या पाच मिनिटांसमोर ‘पुढच्यासाठी राखून ठेवलं’ असं लिहा आणि यात जे होतं ते या १२० मिनिटांत वापरलं असतं तर काय झालं असतं ते पाहा. तिसरी रात्र काढायची तयारी असेल तर ‘मूनफॉल’ लावा, १३० मिनिटांचा आहे. त्याचीही शेवटची पाच मिनिटं नीट बघा. तोही पुढच्या भागाची वर्दी देऊनच संपतो.